एक्सेलचा बार चार्ट सोडायचाय: एमएस प्रोजेक्ट घ्यावं की प्रायमावेरा? (साइटवरच्या लोकांनी सांगा)

प्लिंथलेव्हल

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल इंजिनीअर, नाशिकमध्ये एका मध्यम ठेकेदाराकडे अकरा वर्षं काम करतेय. आत्ता तीन कामं चालू आहेत, एक बारा मजली रहिवासी इमारत, एक शाळेची इमारत आणि गावरस्त्यावरचे चार बॉक्स कल्व्हर्ट. तिन्हींचा प्रोग्राम, म्हणजे कामाचं वेळापत्रक, माझ्याकडेच असतो आणि तो आजवर एक्सेलात, म्हणजे डावीकडे कामांची यादी, वर आठवडे आणि मध्ये रंगवलेले चौकोन.

मागच्या वर्षी त्याचा फटका बसला. एका कामावर फाउंडेशनचं सुधारित ड्रॉइंग २३ दिवस उशिरा हातात आलं. हिंडरन्स रजिस्टरला (कामातल्या अडथळ्यांच्या वहीत) नोंद होती, त्यांच्या इंजिनीअरची सही होती, सगळं रीतसर. मुदतवाढ मागितली तर त्यांच्या कन्सल्टंटनी एकच विचारलं, की ड्रॉइंग उशिरा आलं हे मान्य, पण त्यामुळे काम संपायची तारीख किती दिवस पुढे गेली ते दाखवा. मी एक्सेल उघडून बसले आणि दाखवता येईना. कारण त्या चौकोनांना एकमेकांशी काही देणंघेणंच नव्हतं, फुटिंगचा चौकोन पुढे सरकवला तर कॉलमचा होता तिथेच. शेवटी ९ दिवस मिळाले, बाकीच्यावर दंड कापला. मालक काही बोलले नाहीत पण मला ते फार लागलं, कारण काम आम्ही खरंच मान मोडून केलं होतं.

आता मालक म्हणताहेत सॉफ्टवेअर घेऊया, काय घ्यायचं ते तू सांग. एमएस प्रोजेक्ट, प्रायमावेरा, की फुकटातलं काही? आणि ते चालवणार मी एकटीच, साइटवरचे सुपरवायझर आणि मुकादम कॉम्प्युटरला हात लावणार नाहीत. ज्यांनी खरं वापरलंय त्यांनी लिहा प्लीज.

जुना_प्लॅनर

ताई, तुमचं दुखणं मला नीट कळतंय, पण खरेदीच्या आधी एक काम करा. एका इमारतीचं नेटवर्क, म्हणजे कुठल्या कामानंतर कुठलं याचा जोडलेला नकाशा, हाताने कागदावर काढा. मी नोकरीला लागलो तेव्हा ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने काढायचो, डावीकडून उजवीकडे जात लवकरात लवकरच्या तारखा, मग शेवटाकडून मागे येत उशिरात उशिराच्या, आणि दोन्हींतला फरक म्हणजे फ्लोट. फ्लोट शून्य असलेल्या कामांची जी साखळी लागते ती क्रिटिकल पाथ. १९५७ च्या सुमारास डूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँडच्या लोकांनी ही पद्धत बसवली, लगेच पुढच्या वर्षी अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची अशीच पद्धत आली. आजचं कुठलंही सॉफ्टवेअर आतून हेच गणित करतं, फक्त पटकन करतं.

कागदावर का म्हणतोय, तर कागदावर काढताना प्रत्येक कामापाशी थांबून विचारावं लागतं, हे सुरू व्हायला आधी काय संपायला हवं. सॉफ्टवेअरमध्ये माणूस थेट तारखा टाकायला लागतो आणि मग तुमचं एक्सेलच पुन्हा तयार होतं, फक्त महागातलं. अशी लायसन्सवाली एक्सेलं मी खूप बघितलीत, पाचशे कामं आणि त्यातल्या साडेतीनशेंना पुढेमागे कशाशीच जोड नाही. सुरुवातीचं आणि शेवटचं सोडून प्रत्येक कामाला मागे एक आणि पुढे एक तरी जोड पाहिजेच, ही पहिली तपासणी.

मुकादमाला घेऊन बसा काढताना. सेन्ट्रिंगवाल्याला, म्हणजे स्लॅबखालचा साचा बांधणाऱ्याला, विचारा प्लेटा आणि जॅक (स्लॅब धरणारे टेकू) किती मजल्यांचे आहेत. ते नेटवर्कमध्ये नसेल तर बाकी सगळं बरोबर असून तारीख चुकणार.

मस्कतकर

मी गेली चौदा वर्षं ओमानमध्ये प्लॅनिंगला आहे, पी६ वर (प्रायमावेराचंच पूर्ण नाव प्रायमावेरा पी६) रोज आठ तास जातात म्हणून लिहितो. प्रायमावेरा १९८३ पासूनचं, २००८ मध्ये ओरॅकलने घेतलं. इकडे त्याच्याशिवाय गत्यंतर नाही कारण टेंडरमध्येच लिहिलेलं असतं की प्रोग्राम एक्सईआर, म्हणजे प्रायमावेराच्या फाइलमध्ये द्या. फिडिकच्या १९९९ च्या रेड बुकप्रमाणे (बांधकाम कराराचा आंतरराष्ट्रीय नमुना) काम सुरू करायची नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांत सविस्तर प्रोग्राम द्यावा लागतो, आणि क्लेम करायचा असेल तर घटना कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस. त्यामुळे इथे प्लॅनर हा वेगळा माणूसच असतो, मोठ्या कामावर दोन-तीन.

तुमच्याकडे तशी अट आहे का? नसेल तर पी६ घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. ताकदवान आहे, हजारो ॲक्टिव्हिटी, एका डेटाबेसवर अनेक प्रोजेक्ट, प्रत्येक ॲक्टिव्हिटीला वेगळं कॅलेंडर, सगळं आहे. एकट्यासाठी लॅपटॉपवर एसक्यूलाइट डेटाबेस घेऊनही चालतं. पण शिकायला जो वेळ द्यावा लागतो तो तीन साइट सांभाळणाऱ्या माणसाकडे नसतो, आणि तुम्ही रजेवर गेलात तर ऑफिसात ते उघडू शकणारं दुसरं कोणी नसणार. एमएस प्रोजेक्ट निदान नवीन पोरगा आठवड्यात वाचायला तरी लागतो.

अबोली_पुणे

मी आयटीत आहे त्यामुळे वेगळं सांगते, आमच्याकडे जिरा नावाचं सॉफ्टवेअर आहे आणि सगळं बोर्डावर कार्ड्स हलवून चालतं, ट्रेलो तर फुकटही मिळतं. साइटला ते नाही का चालणार? मोबाईलवर दिसतं सगळ्यांना.

प्लिंथलेव्हल

अबोली, थँक्यू, ट्रेलो आम्ही ड्रॉइंग कुठपर्यंत आलं, मटेरियलची ऑर्डर गेली का, यासाठी बघितलं होतं आणि त्याला ते छान आहे. पण तुमच्याकडे एखादं काम या आठवड्यात नाही झालं तर पुढच्यात घेता येतं, क्रम बदलता येतो. इथे कॉलम भरल्याशिवाय स्लॅब नाही आणि स्लॅबला दिवस भरल्याशिवाय खालचे जॅक निघत नाहीत. मला त्या साखळीचं गणित करून देणारं हवंय.

जुना_प्लॅनर काका, रविवारी सेन्ट्रिंगवाल्या मुकादमांना बसवून काढलं नेटवर्क, साइट ऑफिसच्या टेबलावर ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या बाजूला. तीन तास लागले. जॅक अडीच मजल्यांचे निघाले, मी इतके दिवस तीन धरून चालले होते! म्हणजे तिसऱ्या मजल्याचं सेन्ट्रिंग पहिल्याचे जॅक निघेपर्यंत पुरं होणारच नाही, आणि ही जोड माझ्या कुठल्याच चार्टमध्ये नव्हती.

मस्कतकर, एक्सईआरची अट आमच्या तिन्ही कामांत नाही, बघितलं.

रानवारा

एमएस प्रोजेक्टच घ्या, डेस्कटॉपवरचं. एक सावधगिरी, मायक्रोसॉफ्टचं ह्यात नावांचं बरंच गोंधळाचं झालंय. प्रोजेक्ट ऑनलाइन ते ३० सप्टेंबर २०२६ ला बंद करताहेत, वेबवरचं प्रोजेक्ट प्लॅनरमध्ये मिसळून टाकलंय. डेस्कटॉपवालं चालू आहे. कोणी विक्रेता ऑनलाइनवालं गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

पैशाचा प्रश्न असेल तर प्रोजेक्टलिब्रे, फुकट आहे, एमपीपी, म्हणजे एमएस प्रोजेक्टची फाइल उघडतं. पण परत एमपीपीत सेव्ह करत नाही, एक्सएमएल करून द्यावं लागतं, कन्सल्टंटशी फाइल मागेपुढे करायची असेल तर ते त्रासाचं होतं. शिकायला मात्र उत्तम, आधी महिनाभर त्याच्यावर हात बसवा. क्रॅक कॉपीच्या वाटेला जाऊ नका, कंपनीच्या नावाने क्लेम करायचाय तुम्हाला, त्याच्याखालची फाइल तरी स्वच्छ असू दे.

प्लिंथलेव्हल

महिन्याभराची ट्रायल घेतलीय एमएस प्रोजेक्टची. नेटवर्क भरलं, १८६ कामं झाली. पण तारखा विचित्र येताहेत. चौथा स्लॅब बुधवारी भरून होतो. स्पॅन साडेचार मीटरच्या वर आहे म्हणून जॅक १४ दिवस ठेवायचे आणि मग खाली वीटकाम, म्हणून मी जोड दिली फिनिश टू स्टार्ट (मागचं संपलं की पुढचं सुरू) अधिक १४ दिवस. माझ्या हिशोबाने १५ व्या दिवशी, गुरुवारी वीटकाम सुरू व्हायला हवं. सॉफ्टवेअर दाखवतंय २१ व्या दिवशी, बुधवारी. सहा दिवस कुठून आले? शिवाय काही कामं लिंक देऊनही हलत नाहीत, अगदी माझ्या जुन्या चौकोनांसारखी बसून राहतात.

काँक्रीट_आणि_वाळू

दोन्ही मी भोगलंय, सविस्तर सांगतो.

सहा दिवसांचं असं की एमएस प्रोजेक्टचं स्टँडर्ड कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार आहे. १४ दिवस म्हटलं की ते कामाचे १४ दिवस मोजतं, शनिवार रविवार वगळून. काँक्रीटला रविवार नसतो, ते सुट्टीच्या दिवशीही ताकद धरत असतं. म्हणून तिथे १४डी लिहायचं नाही, १४ईडी लिहायचं, ई म्हणजे इलॅप्स्ड, घड्याळाचे सलग दिवस. लिहून बघा, गुरुवार येईल. कॅलेंडर सहा दिवसांचं केलंत आणि १४डी तसंच ठेवलंत तरी वीटकाम १७ व्या दिवशी, शनिवारी जाईल, म्हणजे नुसतं कॅलेंडर बदलूनही हे पूर्ण सुटत नाही. पी६ मध्ये ईडी नसतं, तिथे लॅग (दोन कामांमधले थांबायचे दिवस) कुठल्या कॅलेंडरने मोजायचा हे शेड्यूल ऑप्शनमध्ये ठरवतात, मस्कतकर सांगतीलच.

हाच नियम क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला). काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ४५६:२०००, साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसी किंवा फ्लाय अॅशवालं सिमेंट असेल तर १० दिवस, हे सगळे ईडी. बीमचे जॅक ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि वर २१. आणि हा वेळ लॅगमध्ये लपवण्यापेक्षा "जॅक ठेवणे, मजला ४" असं वेगळं कामच करा १४ईडीचं. चार्टवर पट्टी दिसते, मालकांना दिसते, कन्सल्टंटला दिसते, आणि मुकादमही "एवढे दिवस रिकामे का" विचारत नाही.

हे सहा दिवस प्रत्येक मजल्याला नुसते साठत जातात असं नाही, वीटकाम आणि पुढचा स्लॅब वेगळ्या वाटेने चालतात. पण तुमचे जॅक अडीच मजल्यांचेच आहेत. त्यामुळे जॅक निघायची तारीख थेट वरच्या मजल्याच्या सेन्ट्रिंगला बांधलेली आहे आणि तुमच्या केसमध्ये ते नक्की साठणार. आधी हे दुरुस्त करा.

दुसरं, न हलणारी कामं. २०१० च्या व्हर्जनपासून नवीन काम बाय डिफॉल्ट मॅन्युअली शेड्यूल्ड येतं, नावाआधी पिनचं चिन्ह दिसेल. सगळी सिलेक्ट करून ऑटो शेड्यूल करा आणि सेटिंगमध्येही कायमचं बदला. आणि स्टार्टच्या कॉलममध्ये तारीख टाइप केलीत तर गुपचूप एक अट बसते, त्या तारखेच्या आधी सुरू करू नको अशी. नंतर मागचं काम लवकर संपलं तरी हे अलीकडे येत नाही. कॅलेंडरचं छोटं चिन्ह येतं ते बघा. चालू झालेल्या कामाची खरी तारीख ॲक्चुअल स्टार्टमध्ये टाकायची, साध्या स्टार्टमध्ये नाही.

मस्कतकर

+१ वरच्या सगळ्याला. पी६ मध्ये लॅगसाठी २४ तासांचं कॅलेंडर निवडता येतं पण ते पूर्ण प्रोजेक्टला लागू होतं, म्हणून आम्हीही क्युरिंगची वेगळी ॲक्टिव्हिटीच करतो, सात दिवसांच्या कॅलेंडरवर.

लातूरचा_अभियंता

कॅलेंडरवरून आठवलं, ह्याच्याबद्दल कोणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो. आमच्याकडे काम करणारी निम्मी माणसं आसपासच्या गावातली. मृग लागला आणि पाऊस पडला की पेरणीला जाणार म्हणजे जाणार, त्यात त्यांचं काही चुकत नाही, वर्षाचं पीक आहे. बिहार-यूपीची टोळी छठला आणि होळीला जाते, आणि गेली की ठरल्या दिवशी परत येतेच असं नाही. कोकणातले सुतार गणपतीला. आठवड्याची सुट्टी तर बऱ्याच ठिकाणी रविवारी नसून बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी पगार आणि भाजीपाला.

मी तीन कॅलेंडरं ठेवतो. एक साइटचं सहा दिवसांचं, बाजाराचा दिवस सुट्टी. दुसरं पावसाळी, त्यात जून ते सप्टेंबर माती काम, डांबर आणि नाल्यातलं काम पूर्ण बंद. तुमच्या कल्व्हर्टना हे लावाच, एकदा नाला वाहायला लागला की राफ्ट (पायाचा स्लॅब) होत नाही, मे अखेर पाया वर आला नाही तर थेट ऑक्टोबर. तिसरं ऑफिसचं, ड्रॉइंगच्या मंजुरीसाठी, त्यात सगळ्या सरकारी सुट्ट्या.

प्रत्येक पट्टीत चार दिवस पावसासाठी लपवून ठेवायचे ही जुनी सवय सोडा. लपवलेले दिवस कोणाला दिसत नाहीत आणि क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतात, तुमच्या कामाचा वेगच कमी होता म्हणतात.

प्लिंथलेव्हल

१४ईडी टाकलं आणि गुरुवार आला! इतकं हायसं वाटलं. पिनवाली ७१ कामं निघाली, सगळी ऑटो केली. कल्व्हर्टना पावसाळी कॅलेंडर लावल्यावर चारपैकी तिसरा आणि चौथा एकदम ऑक्टोबरात उडी मारून गेले. आधी धस्स झालं, मग मालकांना दाखवलं आणि दुसरी टोळी आत्ताच लावायचं ठरलं. एरवी हे मला जूनमध्ये कळलं असतं.

आता पुढचा प्रश्न. दर आठवड्याला अपडेट कसं करता? सुपरवायझर फोनवर सांगतात "मॅडम ऐंशी टक्के झालं" आणि तीन आठवडे ते ऐंशी टक्केच राहतं.

जुना_प्लॅनर

टक्के विचारूच नका. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला संपलेलं काम दिसत असतं. गिलावा भिंतीभर झालेला दिसतो, पण खिडक्यांच्या कडा, पाट्या, वरचा पॅच हे राहिलेलं असतं आणि दिवस त्यालाच लागतात. तीन प्रश्न विचारा: कोणत्या तारखेला सुरू झालं, संपलं का आणि कधी, आणि संपलं नसेल तर आजपासून अजून किती दिवस लागतील. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर उरलेला कालावधी म्हणून भरा, टक्का सॉफ्टवेअर काढेल.

अपडेटचा वार आणि वेळ एकच ठेवा. शनिवारी संध्याकाळी पाच म्हणजे पाच, ती तुमची स्टेटस डेट. त्या तारखेच्या मागे एकही न झालेलं काम शिल्लक राहता कामा नये. एमएस प्रोजेक्ट ते आपणहून पुढे ढकलत नाही, अपडेट प्रोजेक्टमध्ये जाऊन उरलेलं काम स्टेटस डेटच्या पुढे न्या असं सांगावं लागतं. हे विसरलं तर गेल्या मंगळवारी भरायचा स्लॅब गेल्या मंगळवारीच भरला जाणार असं दाखवत राहील आणि शेवटची तारीख सुंदर दिसेल.

आणि बेसलाइन, म्हणजे मंजूर प्रोग्रामची जपून ठेवलेली प्रत. मंजूर झाल्या दिवशी सेव्ह करा आणि तिला पुन्हा हात लावू नका. सुधारित प्रोग्राम मंजूर झाला तर बेसलाइन १ मध्ये, पुढचा २ मध्ये, मूळची धरून अकरा जागा असतात. शिवाय दर शनिवारची फाइल तारखेच्या नावाने वेगळी ठेवा. तुमचा २३ दिवसांचा प्रश्न पुन्हा आला तर ड्रॉइंग यायच्या आदल्या शनिवारची फाइल काढायची, तिच्यात "ड्रॉइंग मिळणे" हे काम २३ दिवस पुढे न्यायचं आणि शेवटची तारीख किती हलते ते त्यांच्यासमोर दाखवायचं. मधल्या कामाला फ्लोट असेल तर २३ च्या २३ मिळणार नाहीत हेही त्यातूनच कळेल, आणि ते मान्य करावं लागेल.

मस्कतकर

काकांनी सांगितलं तेच आम्ही इथे करतो. "ड्रॉइंग मिळणे", "मंजुरी मिळणे", "जागा ताब्यात मिळणे" ही समोरच्या पार्टीची कामंही प्रोग्राममध्ये पाहिजेतच. बहुतेक ठेकेदार फक्त स्वतःचीच कामं टाकतात आणि मग उशीर कोणाचा ते सिद्ध करता येत नाही.

प्लिंथलेव्हल

अडीच महिने झाले, सांगायचं राहिलं होतं. डेस्कटॉपचं एकच लायसन्स घेतलं. शाळेच्या आणि इमारतीच्या कामाची बेसलाइन मंजूर करून घेतली, समोरच्यांची चौदा कामं त्यात टाकली, कन्सल्टंट आधी का-कू करत होते पण सही झाली.

शनिवारी पाचला तिन्ही सुपरवायझरना फोन करते, तीन प्रश्न, साधारण पाऊण तास जातो. पहिल्या आठवड्यात सगळे वैतागले होते. मग मी पुढच्या तीन आठवड्यांच्या कामांची एकपानी यादी मराठीत प्रिंट करून सोमवारी सकाळी साइटवर लावायला लागले, काम, मजला, कुठली टोळी, सुरू कधी, संपणार कधी. सॉफ्टवेअरचा चार्ट कोणी बघत नाही, ती यादी बघतात. सेन्ट्रिंगवाले मुकादम आता तिच्यावर पेनाने खुणा करतात, परवा त्यांनी सातव्या स्लॅबच्या तारखेसमोर "जॅक नाही" लिहून ठेवलं होतं. मोजले तर खरंच चाळीस जॅक शाळेच्या साइटवर गेलेले आणि फाइलमध्ये मी ते इकडेच धरले होते. दुसऱ्या दिवशी भाड्याने आणले, स्लॅब दोन दिवस लांबला, एरवी आठवडा गेला असता.

काका, एक विचारायचं होतं, तिन्ही साइटना मिळून एकच जॅकचा साठा दाखवायचा असेल तर रिसोर्स पूल (माणसं आणि सामानाची सामायिक यादी) वेगळ्या फाइलमध्ये करायचा का?

जुना_प्लॅनर

हो, वेगळी फाइल करा, तिच्यात फक्त रिसोर्स ठेवा, एकही काम नको, आणि तिन्ही प्रोजेक्ट उघडून शेअर रिसोर्सेसने तिला जोडा. जॅक हे माणसांसारखे वर्क रिसोर्स म्हणून घ्या, मटेरियल म्हणून नको, नाहीतर वापरले की संपले असं धरेल आणि कमी पडताहेत हे कधीच दाखवणार नाही. मॅक्स युनिट्समध्ये एकूण संख्या टाका. लेव्हलिंगचं बटण मात्र आत्ता दाबू नका, ते तारखा स्वतःच्या मनाने हलवतं. आधी नुसता रिसोर्स ग्राफ बघा, लाल कुठल्या आठवड्यात येतंय ते इथे टाका, मग बघू.

प्लिंथलेव्हल

बघते. मंगळवारी आठवा स्लॅब आहे, तो भरून झाला की ग्राफ टाकते.